हौश्याचं मुसकं घेऊन धुळ्याला

यशवंत नानांचं नाव आधी लिहितो, बाकीचं मग.

मी सातवीत असताना बापाने मला शाळेतून काढून कापूस वेचायला लावलं. नाना आमचे वर्गशिक्षक. शाळा सुटल्यावर ते शेतात आले, बापाला रामराम केला आणि कमरेला उपरण्याची ओटी बांधून माझ्या शेजारच्या ओळीत कापूस वेचू लागले. शाळेचं नाव काढलं नाही. अंधार पडल्यावर वेचलेला कापूस आमच्या ढिगात टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी बाप म्हणाला, "मास्तर, ऱ्हावू द्या आते. पोऱ्याले ली जा."

त्यानंतर शाळा, शिरपूरचं कॉलेज, बी.एड. आणि ही नोकरी. आमच्या घरात माझ्याआधी पदवीचा कागद कोणी हातात धरला नव्हता. आज मी असोद्याजवळच्या एका गावात सातवीला इतिहास शिकवतो. डिसेंबरात वर्ग घेऊन धुळ्याच्या एका संग्रहालयात गेलो होतो. तिथे शाळांच्या मुलांसाठी कार्यशाळा होतात आणि इतिहास हाताने चाचपून शिकवतात असं ऐकलं होतं. ज्यांनी धुळे फक्त महामार्गावरून पाहिलं आहे त्यांनी एकदा तिथे मुलांना घेऊन जावं, म्हणून हे लिहितो आहे. पण त्या तीन दिवसांत मी नानांच्या विद्यार्थ्याला शोभेल असा वागलो नाही. तेही लिहायला लागेल.

शुक्रवार, धुळे

एरंडोल, पारोळा मागे टाकून दहाच्या सुमाराला पोचलो. अडतीस मुलं. प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची अशी संग्रहालयाची सूचना होती, त्यामुळे एसटीत दप्तरांसोबत अडकित्ते, कंदील, पितळी डबे आणि एक जातं होतं. जातं उतरवताना माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकलं. तीन दिवस मी जरा लंगडत होतो.

कार्यशाळा घेणाऱ्या निधीताई तिशीच्या असतील. घराणं मूळचं राजस्थानचं, तीन पिढ्या धुळ्यात, कापडाचं दुकान. दुकानावर बसायचं सोडून त्या इथे आल्या. स्वागताचं भाषण झालं नाही. त्यांनी मुलांना जमिनीवर बसवलं आणि प्रत्येक गटापुढे वाळूने भरलेली परात ठेवली. वाळूत खापरं होती. ती ब्रशने मोकळी करायची, रंगाप्रमाणे वेगळी करायची आणि त्यांतून मडक्याच्या काठाचे तुकडे निवडायचे. मग त्यांनी एकेक मोठा कागद दिला. त्यावर एकात एक वर्तुळं काढलेली होती.

"काठाचा तुकडा या वर्तुळांवर ठेवून बघा," त्या म्हणाल्या. "ज्या रेघेवर चपखल बसेल, तेवढं त्या मडक्याचं तोंड होतं."

आमच्या वर्गातला लोकेश दोन वर्षांत माझ्या तासाला पाणी प्यायला जाऊ का याशिवाय काही विचारायला उभा राहिलेला नाही. तो पोटावर झोपून तुकडा सरकवत होता. सर्वांत बाहेरच्या वर्तुळावर तो बसला तेव्हा म्हणाला, "ताई, हा रांजण होता. एवढा मोठा रांजण म्हणजे घरात माणसं किती असतील?"

"तू सांग."

"पण मग पाणी कोण भरत असेल?"

हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

खिडकीशेजारच्या भिंतीवर एका पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेले नियम टांगले होते. डोळे मिटून वस्तू हातात घ्यावी. वास घ्यावा. आधी प्रश्न विचारावा, मग उत्तर द्यावं. अक्षर पाहिल्यावर मी पुठ्ठ्याच्या जवळ गेलो. तो 'ळ' मी चौथीपासून गिरवला आहे. अक्षर नानांचं होतं.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं, माहीत असून.

"आमच्या नानांनी," निधीताई म्हणाल्या. "निवृत्त शिक्षक होते. इथे धुळ्यात मुलाकडे राहायचे तेव्हा सहा वर्षं रोज यायचे. हे सगळं त्यांचंच आहे, मी फक्त चालवते. तुम्ही ओळखता का त्यांना?"

आमच्या नानांनी, असं त्या म्हणाल्या. सहा वर्षांत नानांनी माझं नाव एकदा तरी घेतलं असेल, आता त्या म्हणतील, अरे, तुम्हीच का ते सुकदेव, म्हणून मी थोडा वेळ थांबलो. मघाशी मी त्यांना माझं नाव सांगितलंच होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"ओळखतो," मी म्हणालो. "थोडंफार."

दुपारी शिलालेखाचा ठसा घेणं झालं. दगडावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचेत घालायचा, वाळत आला की शाईचा बोळा फिरवायचा. अक्षरं पांढरी उमटतात आणि मुलं दचकतात. एकाचा बोळा निसटून माझ्या नव्या सदऱ्यावर आला. निधीताईंनी लगेच लिंबू आणि मीठ आणून दिलं. त्यांचा हा तत्परपणाही मला आवडला नाही.

शेवटी घरून आणलेल्या वस्तू मांडल्या. त्यांतल्या सहा निवडून महिनाभर काचेच्या कपाटात ठेवायच्या आणि प्रत्येकीखाली मुलाच्या अक्षरात पाटी लावायची, असा तिथला रिवाज आहे. पाटीवर तीन ओळी असतात. वस्तू कोणती, ती वापरली कोणी, आणि हे खरं असल्याची खात्री कोणी केली. मालक कोण हे विचारत नाहीत.

दिव्यानी ही माझ्या वर्गातली अबोल मुलगी. हुशार आहे, पण दोनदा विचारल्याशिवाय बोलत नाही. तिने अंबाडीच्या दोरीचं एक जाळीदार विणकाम आणलं होतं. ओंजळीएवढी खोलगट जाळी आणि तिला दोन लांब दोऱ्या. निधीताईंनी ते उचललं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"किती सुंदर शिंकं आहे हे," त्या म्हणाल्या. "पूर्वी दूधदुभतं मांजरापासून वाचवायला असं आढ्याला टांगायचे." त्यांनी दोन्ही दोऱ्या एकत्र धरून वर उचलल्या आणि जाळीत एक छोटं मडकं ठेवलं. मडकं असं नेमकं बसलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते शिंकं नव्हतं. ते बैलाचं मुसकं होतं. मळणीच्या वेळी किंवा पिकात कोळपताना बैलाने तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात ते. मी अशी मुसकी बांधली आहेत आणि सोडली आहेत. कापडाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला ते माहीत असायचं कारण नाही.

दिव्यानीने माझ्याकडे पाहिलं. निधीताईंनीही पाहिलं.

"बरोबर ना, सर?"

एक शब्द पुरला असता. पण त्या क्षणी मला फार गोड वाटलं. नानांच्या लाडक्या शिष्येची चूक काचेमागे महिनाभर राहील, एखाद्या दिवशी कोणी शेतकरी येईल, वाचेल आणि हसेल. मी म्हणालो, "बरोबर."

त्यांनी दिव्यानीकडून पाटी लिहून घेतली. वस्तू: शिंके. वापरणारी: आजी. तिसऱ्या ओळीत त्यांनी स्वतः सांगितलं, "खात्री: सुकदेव सर, असं लिही."

रात्री एका धर्मशाळेत मुक्काम होता. जेवायला शेवभाजी आणि फौजदारी डाळ. आमच्या असोद्याकडे पाहुण्याला भरीत-पुरी घातली की पाहुणचार झाला, पण धुळ्याकडची शेवभाजी पाहुण्याची परीक्षा घेते. मी ह्या तिखटावर वाढलो आहे, मला बरं वाटलं. मुलं मात्र उचक्या देत एकमेकांच्या ताटातली केळी पळवत होती. दिव्यानी जेवली नाही. मी तिखटाला दोष दिला.

शनिवार, सोनगीर

दुसरा दिवस सोनगीरच्या किल्ल्याचा. हे माझं गाव म्हटलं तरी चालेल. किल्ल्याच्या पायथ्याला आमची वस्ती होती. आईबाप गेल्यानंतर जाणं राहिलं होतं. मीच वाट दाखवीन असं मी धरून चाललो होतो, पण निधीताई पुढे होत्या आणि त्यांना माझ्यापेक्षा चांगली वाट माहीत होती. माझा अंगठा ठणकत होता, मी शेवटी.

वर पोचल्यावर त्यांनी मुलांना तटाला चिकटून उभं केलं, हात पसरायला लावले, एकाच्या बोटांना दुसऱ्याची बोटं. अशी साखळी करून तट मोजायचा. तो एका बाजूला एकतीस मुलं आणि एक दप्तर भरला. मुलं वाऱ्यात ओरडत आकडे मोजत होती.

हा तट मी असाच मोजला आहे, याच जागी, नानांच्या डाव्या हाताला बोटं लावून. तेव्हा आम्ही वीसच होतो, तट संपेना म्हणून पहिल्याने पळत जाऊन शेवटी उभं राहायचं, असं चाललं होतं. इतकी वर्षं मला वाटायचं की ते नाना आणि आमचा वर्ग यांच्यातलंच काही होतं. आता ते दर महिन्याला होतं, दुसऱ्या शाळांबरोबर, आणि मला कोणी कळवलं नव्हतं.

उतरल्यावर तांबटांच्या आळीत गेलो. सोनगीरची पितळेची भांडी अजून हाताने ठोकतात. एक आबा हंड्याच्या बुडाला ठोके देत बसले होते. मुलं वर्तुळ करून पाहत होती. आबांनी माझ्याकडे मान वळवली.

"तू कोना पोऱ्या रे?"

मी बापाचं नाव सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"मंग इतला दिन कोठे व्हता? दिखना नही कधी."

"असोद्याकडे नोकरी शे, आबा. यवाले जमस नही."

"यशवंत नाना येत व्हतात, या पोरनासंगे." त्यांनी हातोडीनेच निधीताईंकडे दाखवलं. "त्यास्ना गुडघा दुखे, तरी येत. बठ्ठा पोरेसले आठे बसाडेत. आते त्या सुरतले ग्यात, पोऱ्यानासंगे. कान बी ग्यात त्यास्ना. तुले माहीत शे ना?"

माहीत होतं, पण ऐकीव. नाना सहा वर्षं माझ्यापासून दोन तासांवर होते. दर दिवाळीला मी जायचं ठरवत होतो. बदली, लग्न, मुलाचं आजारपण, काही ना काही निघत गेलं. निधीताई जात राहिल्या. नाना त्यांना मिळाले याचा मला राग होता, पण मी गेलो नव्हतो त्याचं काय करायचं हे मला उमगत नव्हतं. आबांनी पुन्हा हातोडी उचलली. "गाव सोडस त्याले गाव इसरत नही, पण गाव काय टपाल धाडस नही," असं काही ते ठोक्यांमध्ये पुटपुटले आणि मुलांना चहा सांगितला.

परतताना रस्त्याकडेच्या हरभऱ्यात बैलांचं कोळपं चाललं होतं. दोन्ही बैलांच्या तोंडाला निळ्या नायलॉनची मुसकी होती. लोकेश खिडकीतून ओरडला, "सर, ते बघा, बैलांनी तोंडाला शिंकी बांधली."

सगळी गाडी हसली. अडतीसांपैकी सदतीस. म्हणजे काल सगळ्यांना कळलं होतं. शेतकऱ्यांची मुलं ती. सरांनी मान डोलावली म्हणून सगळी गप्प बसली होती.

दिव्यानी हसली नाही. ती उठून माझ्या बाकापाशी आली.

"सर, तुम्ही इकडचे आहात ना?"

"हो."

"तुम्ही बरोबर म्हणालात, म्हणून मला वाटलं धुळ्याकडे त्याला शिंकंच म्हणत असतील." तिने बाकाचा दांडा धरला. "पण मी आजीचं नाव लिहिलं ते खोटं आहे. आजीने ते कधी वापरलं नाही. आजोबांनी विणलं होतं. ते वारले. उद्या पप्पा येणार आहेत मला घ्यायला, आम्ही शिरपूरला मावशीकडे जाणार आहोत. ते वाचतील."

"मी बघतो," मी म्हणालो.

रविवार, धुळे

सकाळी मुलांच्या आधी मी एकटाच संग्रहालयात गेलो. निधीताई काच पुसत होत्या.

"निधीताई, ते शिंकं नाही. बैलाचं मुसकं आहे."

त्यांनी फडकं खाली ठेवलं, कपाट उघडून मुसकं बाहेर काढलं आणि डोळे मिटून नाकाशी नेलं. "कडबा," त्या म्हणाल्या. "मी वासच घेतला नाही. मडकं बसलं म्हणून खूश झाले." मग डोळे उघडून, "दिव्यानीने सांगितलं?"

"मला पहिल्यापासून माहीत होतं."

त्यांनी मुसकं टेबलावर ठेवलं. "मग सांगितलं का नाहीत?"

"मी नानांचा विद्यार्थी आहे," मी म्हणालो. "तुमच्या खूप आधीचा."

हे उत्तर नव्हतं, पण त्यांना ते पुरलं असावं. त्यांना राग आला होता, तो त्यांनी लपवला नाही. "सर, माझ्यावर रुसायचं तर रुसा. त्या मुलीने तुमच्यामुळे आजीचं नाव लिहिलं."

मुलं आली. निधीताईंनी सगळ्यांना कपाटापुढे बसवलं. "परवाच्या एका पाटीवर चूक आहे," त्या म्हणाल्या. "ती माझी आहे. मी वस्तूचा वास न घेता उत्तर दिलं." आणि पुढे माझ्याकडे पाहिलंही नाही. मला सोडून दिलं होतं. खरं सांगतो, त्या क्षणी त्यांचा जितका हेवा वाटला तितका तीन दिवसांत वाटला नव्हता. स्वतःची चूक सांगणंही त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

मी उठलो. "मला माहीत होतं, तरी मी बरोबर म्हणालो. तुम्ही माझ्याकडे बघून गप्प बसलात. तसं पुन्हा बसू नका."

मग लोकेश म्हणाला, "सर, मी बसलो नव्हतो. मी हळूच बोललो होतो."

"कोणाला?"

"भिंतीला."

मुलं हसली, निधीताईही हसल्या. मी नवी पाटी आणायला टेबलाकडे वळलो आणि जुनी फाडायला घेतली. निधीताईंनी माझा हात धरला.

"फाडायची नाही. नानांचा नियम आहे. चुकीच्या पाटीवर एकच रेघ मारायची, वाचता येईल अशी. खरी पाटी तिच्या खाली लावायची. दोन्ही काचेत राहतात." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "रेघ ज्याने खात्री केली त्याने मारायची असते."

मी रेघ मारली. दिव्यानीने नवी पाटी लिहिली. वस्तू: मुसके. विणणारे: आजोबा. वापरणाऱ्याची ओळ आली तेव्हा ती थांबली.

"वापरलं कोणी?" निधीताईंनी विचारलं.

"हौश्याने," दिव्यानी म्हणाली. "आमचा बैल."

"मग तेच लिही."

खात्रीच्या ओळीत काय लिहायचं हे तिने मला विचारलं नाही. तिने लिहिलं, दिव्यानी.

अकराला तिचे वडील आले. पायताण दाराबाहेर काढून आत आले, हात मागे बांधून दोन्ही पाट्या वाचल्या, आधी रेघ मारलेली, मग खालची. माझं नाव त्यांनी वाचलं हे मला दिसलं. काचेत वाकून पाहत ते म्हणाले, "हौश्या खादाड होता. त्याच्या जोडीचा पाखऱ्या, त्याला मुसकं कधी लागलं नाही. आमचे वडील म्हणायचे, पाखऱ्यावर अन्याय झाला, त्याचं कुठे नाव येणार नाही." मग ते निधीताईंना म्हणाले, "ताई, त्याचं पण लिहिता येईल का कुठे?"

दिव्यानीने पाटीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं: पाखऱ्याला लागले नाही.

दुपारी आम्ही निघालो. घरी पोचल्यावर चार दिवसांनी नानांना पत्र लिहिलं. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. ते इथे देतो.

ती. यशवंत नानांस,
सुकदेवचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी धुळ्याला जाऊन आलो. तुमचा पुठ्ठा भिंतीवर आहे, अक्षर फिकं झालेलं नाही. सोनगीरचा तट एकतीस मुलं आणि एक दप्तर भरला. तांबट आबा बरे आहेत, तुमच्या गुडघ्याची आठवण काढत होते.

तुमच्या कपाटात आता माझं नाव आहे, नाना, आणि त्यावर माझ्याच हातची रेघ आहे. मी मुसक्याला शिंकं म्हणू दिलं. कारण निधीताईंकडून कळेलच, त्याआधी माझ्याकडून कळावं. तुम्ही तिला सहा वर्षं दिलीत, ते मला सोसलं नाही. ती तुमच्याकडे येत होती आणि मी येत नव्हतो, एवढंच त्याचं कारण आहे हे मला कळतं. कळूनही सोसत नाही.

ती चांगली शिकवते. हे लिहायला मला दोन दिवस लागले. माझ्या लोकेशने तिला विचारलं, पाणी कोण भरत असेल. मी वर्गात वर्तुळांचा कागद केला आहे, खापरं नदीकाठची आणली आहेत. अजून लोकेशने मला काही विचारलेलं नाही, पण काल तो पाणी प्यायला गेला नाही. फेब्रुवारीत निधीताई आमच्या शाळेत येणार आहेत. आमच्याकडे उतरतील. भरीत करायचं ठरलं आहे.

मार्चची परीक्षा झाली की मी सुरतला येतो. या वेळी ठरवून ठेवत नाही, तिकीटच काढलं आहे.

एक विचारतो, रागावू नका. गाडीपर्यंत सोडायला आल्या तेव्हा निधीताई म्हणाल्या की तुम्ही त्यांना पत्रात 'चि. निधी' लिहिता, आणि खाली 'तुझा नाना'. मला आजवर तुमची तीन पत्रं आली, तिन्हींवर 'श्री. सुकदेव सर यांस' आहे. मी शिक्षक झालो म्हणून तुम्ही मान दिलात हे मी जाणतो, आणि ती तिन्ही पत्रं जपून ठेवली आहेत. याचं उत्तर पाठवाल तेव्हा वर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मी पाकीट उघडून आधी तेवढंच वाचणार आहे.

तुमचा,
सुकदेव